किती सेंटीमीटर, आणि कुठे?

हिवाळ्यात काश्मीरच्या सहलीचे पैसे भरायला आलेला माणूस हॉटेलची, जेवणाची चौकशी उरकली की हमखास विचारतो, ‘गुलमर्गला बर्फ मिळेल ना?’ प्रश्न साधा आहे, पण गेल्या काही हिवाळ्यांनी त्याचे उत्तर अवघड करून ठेवले आहे. जानेवारी २०२४ मध्ये, ‘चिल्लई कलान’ म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस ऐन भरात असताना, गुलमर्गची कुरणे तपकिरी दिसत होती. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा पुरेशा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. मग लोक मोबाइलमधल्या आकड्यावर भिस्त ठेवतात. ‘शुक्रवारी ३५ सेंटीमीटर’ असे दिसले की तिकिटे काढली जातात. हा आकडा खोटा नसतो, पण त्याच्यावर आपण टाकतो तेवढा भार त्याला पेलत नाही.

काश्मीरचा बर्फ येतो तो पश्चिमी झंझावातांबरोबर. भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकणाऱ्या या प्रणाली वाटेत बाष्प गोळा करतात आणि पीर पंजालच्या डोंगरांवर चढताना ते सोडतात. झंझावात येतो आहे, हे पाच-सात दिवस आधी बऱ्यापैकी कळते. तो नेमक्या कोणत्या वाटेने जाईल आणि किती बाष्प आणेल, हे दोन-तीन दिवसांवर आल्याखेरीज ठरत नाही. म्हणूनच हवामानशास्त्रज्ञ एकाच गणितावर विसंबत नाहीत. युरोपीय हवामान केंद्र सुरुवातीच्या नोंदींत किंचित फरक करून तेच गणित ५१ वेळा सोडवते. त्यांतली बहुतेक उत्तरे एकमेकांच्या जवळ आली तर भरवसा वाढतो. काही ५ आणि काही ५० सेंटीमीटर म्हणू लागली तर अजून काहीच नक्की नाही, असा त्याचा अर्थ. मोबाइलवर आपल्याला दिसतो तो बहुधा एकच आकडा. दहा दिवसांनंतरचे ‘३५’ आणि उद्याचे ‘३५’ तिथे सारख्याच ठसठशीत अक्षरांत छापलेले असतात.

डोंगराची अडचण त्याहून मोठी आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. ती सहा किलोमीटरच्या तुकड्यांत हवामान पाहते. आधी हा तुकडा बारा किलोमीटरचा होता. ही मोठीच मजल आहे. पण गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, दोन्ही टप्पे धरून साधारण पाच किलोमीटरचा आहे. म्हणजे सुमारे २,६५० मीटरवरचे गुलमर्ग, मधले कोंगडोरी आणि जवळजवळ ३,९५० मीटरवरचे अफरवटचे स्थानक, हे सगळे एकाच तुकड्यात मावू शकते. तिथे गणिताला डोंगराची एक सरासरी उंची दिसते. प्रत्यक्षात हवा दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, त्यामुळे खालच्या आणि वरच्या स्थानकात आठ अंशांचा फरक सहज पडतो. खाली छत्री उघडावी लागते, त्याच वेळी वर गुडघाभर बर्फ पडत असतो. तेव्हा आकडा वाचताना तो कोणत्या उंचीचा आहे आणि शून्य अंशाची रेषा कुठे आहे, हे आधी पाहावे. त्या रेषेखाली दोन-तीनशे मीटरपर्यंत बर्फ तग धरतो, त्याखाली पाऊस.

पर्जन्यमापकातला पाऊस मिलिमीटरमध्ये मोजण्याची आपल्याला सवय आहे. बर्फाचे माप निराळे. ढोबळमानाने एक मिलिमीटर पाण्याचा एक सेंटीमीटर बर्फ होतो. पण हवा खूप थंड असेल तर तेवढ्याच पाण्याचा दीड-दोन सेंटीमीटर भुरभुरीत बर्फ होतो, आणि शून्याच्या आसपास असेल तर अर्धा सेंटीमीटर ओला गाळ. हातात घेतले की फरक लगेच कळतो. कोरडे हिम मुठीत दाबले तरी गोळा होत नाही, फुंकर मारली की उडते. स्की करणारे ज्यासाठी जगभरातून गुलमर्गला येतात ते हे. ओले हिम पटकन गोळा होते आणि बोटांमधून पाणी गळते. मुलांना खेळायला ते उत्तम, स्कीखाली मात्र चिकटते. ‘२० सेंटीमीटर’ दोन्हींचे असू शकते.

ताजा बर्फ मोजतात तो पांढऱ्या रंगाच्या सपाट फळीवर. मोजून झाले की फळी पुसून पुन्हा ठेवतात, कारण बर्फ स्वतःच्या वजनानेही बसत जातो. ही झाली नव्या बर्फाची नोंद. जमिनीपासूनची एकूण जाडी हा वेगळा आकडा, आणि तोही तळाचा वेगळा, माथ्याचा वेगळा. गवत आणि दगड झाकले जातील की नाही, हे एकूण जाडीवर ठरते. वाऱ्याचा हिशेब तर दोन्हींत नसतो. वारा कड्याच्या एका बाजूचे हिम खरवडून दुसऱ्या बाजूला रचतो आणि जोर वाढला की गोंडोलाचा वरचा टप्पा बंद ठेवावा लागतो. भरपूर बर्फ पडला त्याच दिवशी अफरवटला जाता येत नाही, याची अनेकांना चुटपुट लागते. पण तो निर्णय योग्यच असतो.

वाऱ्याखेरीज याचे आणखी एक कारण बर्फाच्या पोटात असते. पातळ थर, निरभ्र आकाश आणि कडक थंडी असे कोरडे आठवडे गेले की थराचा तळ जमिनीमुळे शून्याजवळ राहतो आणि पृष्ठभाग त्याहून कितीतरी थंड होतो. या तफावतीमुळे बाष्प आतल्या आत वर सरकते आणि खालचे कण मोठे, टोकदार, एकमेकांना न धरणारे बनतात. खणून मूठभर काढले तर जाड साखरेसारखे बोटांतून निसटतात. मग झंझावात येतो आणि या साखरेवर अर्धा-पाऊण मीटर नवे हिम बसते. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हा थर घसरायला एका माणसाचे वजनही मग पुरते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात गेले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, कोरड्या जानेवारीनंतर बर्फ आला तेव्हा, एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. प्रत्येक दुर्घटनेचे नेमके कारण तपासूनच सांगता येते. पण दीर्घ कोरड्या काळानंतरची पहिली जोरदार बर्फवृष्टी अधिक सावधपणे घ्यावी, हे हिमशास्त्राने पक्के केले आहे.

म्हणून दोन इशारे वेगळे वाचायला हवेत. हवामान विभागाचा पिवळा, नारिंगी किंवा लाल रंग सांगतो की किती पडेल आणि त्याने रस्ते, वीज, विमाने किती अडतील. हिमस्खलनाचा इशारा चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था जिल्हा आणि उंचीनिहाय देते. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर धोक्याचे पाच स्तर असतात. तिसरा म्हणजे मधला, फार काळजीचा नाही, असे वाटते; आल्प्समध्ये सर्वाधिक बळी याच स्तराच्या दिवसांत जातात. बर्फ थांबला आणि ऊन पडले की हवामानाचा रंग हिरवा होतो, हिमस्खलनाचा धोका मात्र पुढचे काही दिवस टिकून राहू शकतो.

सहल नेणाऱ्यांनी हे सारे पर्यटकांना शिकवावे, अशी अपेक्षा नाही. पण गुलमर्ग, कोंगडोरी आणि अफरवट असे तीन वेगळे आकडे, शून्य अंशाची रेषा आणि त्या दिवसाचा हिमस्खलनाचा स्तर, एवढी माहिती निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गटाला सांगणे कुणालाही जमण्यासारखे आहे. कार्यक्रमात गुलमर्गसाठी एकच दिवस न ठेवता एखादा मोकळा दिवस जोडला, तर वारा पडेपर्यंत थांबता येते. आणि पैसे भरणाऱ्याने विचारलेच, तर डिसेंबरमध्ये फेब्रुवारीच्या बर्फाची हमी देता येत नाही, हे तिथेच, पावती फाडण्याआधी सांगावे.