दोन रात्रींचा समुद्र

दिवाळी उलटून समुद्र निवळला की मुंबईत सागरी सफरींच्या जाहिरातींना भरती येते. शुक्रवारी सायंकाळी जहाजावर चढावे आणि रविवारी घरी परतावे, रजेचा अर्जही करावयास नको, असे त्यांतील आश्वासन असते. मोठ्या सफरीला लागणारा पैसा व वेळ ज्यांच्यापाशी नाही अशा शिक्षकाला, बँकेतील कारकुनाला, नव्याने नोकरीस लागलेल्या पदवीधराला हे आश्वासन मोहविते यात नवल नाही. परंतु अशा कुटुंबाला दोन रात्रींची ही चैन महिन्याच्या पगाराचा मोठा लचका तोडूनच करावी लागते. जाहिरातीतील भाड्यावर बंदर शुल्क चढते, कर चढतो, सेवकवर्गाची बक्षिसी चढते. तेव्हा या पैशाच्या मोबदल्यात नेमके काय मिळते, याची विचारपूस करणे हे काही अरसिकतेचे लक्षण मानता येणार नाही.

प्रथम तासांचा हिशेब मांडावा. शुक्रवारी दुपारी बंदरात हजर व्हावयाचे. सामानाची तपासणी, ओळखपत्रांची तपासणी आणि रांगा संपवून केबिनची किल्ली हाती पडेपर्यंत दुपार सरते. त्यानंतर संकटकाळच्या सूचनांची कवाईत. इटलीच्या किनाऱ्यावर जानेवारी २०१२ मध्ये ‘कोस्ता कॉन्कॉर्दिया’ हे जहाज खडकावर आदळून कलंडले आणि ३२ माणसे दगावली. तेव्हापासून नियम कडक झाले. २०१५ पासून ही कवाईत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच घ्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. पण ती दोन रात्रींच्या प्रवाशालाही तेवढीच करावी लागते जेवढी चौदा रात्रींच्या. परतीचेही तसेच. शेवटच्या सकाळी लवकर केबिन रिकामी करावयाची असते, कारण त्याच दुपारी नवे प्रवासी यावयाचे असतात. त्यासाठी सामानाची बांधाबांध आदल्या रात्रीच उरकावी लागते. म्हणजे पहिला अर्धा दिवस चढण्यात गेला आणि शेवटची रात्र उतरण्याच्या तयारीत. दोन रात्री म्हणजे फार तर चाळीस तास. त्यातून झोपेचे चौदा वजा केले, जेवणाच्या रांगा वजा केल्या, तर शिल्लक काय राहते हे ज्याचे त्याने पाहावे. सफर आखूड केली म्हणून ही बंधने आखूड होत नाहीत, आणि अतिअल्प सफरीचा मूळ दोष येथेच आहे.

शरीराचाही एक हिशेब असतो. बोट लागण्याचा त्रास ज्यांना होतो, त्यांचे शरीर समुद्राच्या हेलकाव्यांना सरावण्यास साधारणतः दोन-तीन दिवस घेते. मोठ्या सफरीत तिसऱ्या दिवशी माणूस ताजातवाना होऊन डेकवर येतो. दोन रात्रींच्या सफरीत तो तिसऱ्या दिवशी टॅक्सीत बसलेला असतो.

आता ज्या गोव्यासाठी एवढा खटाटोप, त्या गोव्याचे काय? मुंबईपासून मुरगाव समुद्रमार्गे सुमारे सव्वादोनशे सागरी मैल आहे. आधुनिक प्रवासी जहाजाला हे अंतर एका रात्रीत सहज कापता येते. पण वेग वाढला की इंधनाचा खर्च वेगाच्या कितीतरी पटीने वाढतो. म्हणून जहाज रेंगाळते. प्रवाशाला वाटते आपण प्रवास करीत आहोत, वस्तुतः जहाज वेळ काढीत असते. ज्या फेरीत गोव्याला उतरण्याची सोय असते तीत हाती येतात ते काही तास. मुरगावच्या धक्क्यावरून पणजी वा जुने गोवे गाठावयाचे तर रस्त्याने तीसएक किलोमीटर जावे लागते आणि तितकेच परतावे लागते. मंगेशीचे दर्शन किंवा जुन्या गोव्यातील चर्च, यांपैकी एकाची निवड करावी लागते. बहुतेकांची निवड बसचा मार्गदर्शक करून ठेवतो. गाव पाहण्यासाठी जाणाऱ्याने रात्रीची कोकण रेल्वे धरावी हे उत्तम. ती स्वस्त तर आहेच, शिवाय तिकडे गेल्यावर माणसाला घड्याळाकडे पाहत बसावे लागत नाही.

तरी समुद्र तर दिसतो, असे कोणी म्हणेल. दिसतो, पण कोणता? अशी जहाजे सहसा किनारा दूर ठेवून जातात. जुगाराची टेबले तर अनेक देशांच्या कायद्यांमुळे बारा सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरांच्या, पलीकडे गेल्यावरच उघडतात. पाण्यापासून तीस मीटर उंचीच्या डेकवर उभ्या राहिलेल्या माणसाचे क्षितिज वीस किलोमीटरांच्या आसपास संपते. म्हणजे रेवदंडा, हर्णै, जयगड, विजयदुर्ग ही सारी मालिका डोळ्यांआड जाते; फार तर डोंगराची निळसर रेघ उरते, आणि तीही अंधार पडेपर्यंत. तोवर आतील रंगमंचावर जादूचे प्रयोग सुरू झालेले असतात, डेकवर ध्वनिवर्धक लागलेला असतो. समुद्राकडे पाठ करून करावयाच्या गोष्टी जहाजावर जितक्या दाटीने मांडलेल्या असतात तितक्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही हॉटेलात नसतील.

हा काही अपघात नव्हे. अतिअल्प सफरीचा इतिहासच असे सांगतो की तिच्यात विकावयाची वस्तू समुद्र कधीच नव्हती. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. तेव्हा न्यू यॉर्कहून जहाजे निघत, कोणत्याही बंदराला न लागता समुद्रात फिरत आणि परत येत. कायद्याच्या हद्दीबाहेर पेला भरून मिळणे हेच त्यांचे गंतव्य स्थान. स्टॉकहोमहून ओलांड बेटांवरील मारीहाम्नपर्यंत जाऊन परत येणारी एका दिवसाची जहाजफेरी आजही लोकप्रिय आहे. युरोपीय संघांतर्गत प्रवासावरील करमुक्त विक्री १९९९ साली बंद झाली, पण ओलांड बेटे संघाच्या करव्यवस्थेबाहेर राहिली. म्हणून जहाजे तेथे टेकतात आणि प्रवासी बेटावर न उतरताच बाटल्या घेऊन परततात. मायामी ते नासाऊ या तीन-चार दिवसांच्या फेऱ्या १९६६ साली ‘सनवर्ड’ जहाजाने लोकप्रिय केल्या. मुंबईहून २०२१ पासून गोवा व लक्षद्वीपकडे जाऊ लागलेल्या ‘एम्प्रेस’चा जन्मही याच परंपरेतला. फ्रान्समधील सेंट-नाझेरच्या गोदीत १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने ते तयार झाले, तेच मुळी मायामीहून बहामा बेटांपर्यंतच्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांसाठी.

पूर्वी अशा आखूड फेऱ्यांवर वय झालेली जहाजे लावण्याची रीत होती. आता तीही पालटली. ‘युटोपिया ऑफ द सीज’ हे दोन लाख टनांहून मोठे, कोरे करकरीत जहाज २०२४ साली फ्लॉरिडाहून थेट तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांवरच उतरविण्यात आले. ते जेथे थांबते ते बहामातील एक बेटही त्याच कंपनीच्या ताब्यातले. प्रवासी जहाजावरून उतरतो तो पुन्हा त्याच दुकानात. कंपन्यांचे गणित साधे आहे. दोनच दिवस आहेत म्हणून माणूस हात सैल सोडतो. चौदा दिवसांच्या सफरीत जो प्रवासी पाचव्या दिवशी खिसा चाचपतो, तो दोन रात्रींत चाचपत नाही.

मग या सफरी सर्वस्वी टाकाऊच का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. गुडघेदुखीने ज्यांचे हिंडणे-फिरणे संपले आहे अशा वृद्ध मातापित्यांना घेऊन तीन पिढ्यांनी एका छताखाली दोन दिवस काढावयाचे असतील, तर चढउतार नाही, गाड्या बदलणे नाही, स्वयंपाक नाही, ही सोय लहान नव्हे. घरातील गृहिणीला दोन दिवस ‘आज भाजी काय’ या प्रश्नातून सुटका मिळते, याची किंमत पुरुषांनी ठरवू नये. पुढे कधी मोठ्या सफरीवर जाण्याचा बेत असेल तर आपल्याला बोट लागते की नाही, हे थोडक्या खर्चात कळून येते. आणि ज्याने जन्मभर दादर-चौपाटीवरून समुद्र पाहिला, त्याने एकदा किनारा लांब लांब जाताना पाहावा, पहाटे चार वाजता निर्मनुष्य डेकवर चांदण्या पाहाव्यात, हेही मोलाचे आहे. मात्र हे सारे घेताना हॉटेलचे भाडे म्हणून द्यावे, प्रवासाचे म्हणून देऊ नये. याच पैशात महाबळेश्वरला किंवा गुहागरला किती दिवस राहता आले असते, हा प्रश्न तिकीट काढण्यापूर्वी घरात विचारला गेला पाहिजे. त्याचे उत्तर काहींच्या बाबतीत ‘तरीही जहाजच’ असे येईल. येवो.

खरा विचार करावयाचा तो याहून निराळ्या गोष्टीचा. महाराष्ट्राला बोटीचा प्रवास नवा नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकण बोट चाकरमान्यांची वळकटी, ट्रंक आणि मुलेबाळे घेऊन रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत दिवस-रात्रीच्या प्रवासाने पणजीला लागत असे. त्या प्रवासाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. डेकवर पाय पसरावयास जागा नसे, उलट्यांनी जीव नकोसा होई, अनेक बंदरांत धक्का नसल्यामुळे भर समुद्रात पडावात उतरावे लागे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ते दुःख कोकणातील घराघरांत अजून सांगितले जाते. पण ती बोट कोठे तरी जात होती. वाटेतल्या बंदरांत तिची वाट पाहणारी माणसे असत, पत्रे असत, औषधे असत. कोकण रेल्वे १९९८ साली संपूर्ण मार्गावर धावू लागली, त्याच्या आधीच ती सेवा बंद पडली होती. पुढे २०१८ साली कान्होजींच्या आडनावाची आठवण देणारी ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर आली, ती सुखसोयींची बोट म्हणूनच. आणि तीही फार काळ चालली नाही.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर करून २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेविले. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. परदेशी जहाजे यावीत, गाइडांना, टॅक्सीवाल्यांना, बंदरातील हमालांना काम मिळावे, याला कोणाचा विरोध असणार? परंतु प्रवाशांची जी संख्या दुप्पट व्हावयाची, तीत शुक्रवारी जाऊन रविवारी त्याच धक्क्यावर परतणारे किती आणि किनाऱ्यावरील दुसऱ्या गावी खरोखर उतरणारे किती, हे वेगवेगळे मोजले गेले पाहिजे. पहिल्या वर्गातील प्रवाशाने जो पैसा खर्च केला तो बहुतांशी जहाजावरच राहिला; मालवणच्या खाणावळीत किंवा हर्णैच्या बाजारात त्यातला छदामही पोहोचला नाही.

भाऊचा धक्का ते मांडवा ही मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. रस्त्याने तीन-चार तास खाणारा अलिबागचा रस्ता तिने तासाभराच्या समुद्रावर आणून ठेविला. गणपतीच्या तोंडावर जयगड व विजयदुर्गपर्यंत तशी बोट नेण्याची घोषणा २०२५ साली झाली. या बोटींना रंगमंच नाही, पोहण्याचा तलाव नाही. दक्षिणेकडे जाणारी बोट दिवसाउजेडी किनारा धरून गेली, तर डाव्या हाताला एकामागून एक जलदुर्ग उलगडत जातात, आणि उतरल्यावर माणूस आपल्या गावी पोहोचलेला असतो. त्यांचे भाडे शिक्षक-कारकुनांच्या आवाक्यात राहील का, बंदरापासून पुढे गावात नेणारी एस. टी. बोटीच्या वेळेला उभी असेल का, धक्क्यावर पिण्याच्या पाण्याची आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची व्यवस्था होईल का, हे प्रश्न क्रूझच्या जाहिरातींइतके झगझगीत नाहीत. विधिमंडळात मात्र तेच विचारावयास हवेत, आणि तेही पुढचा गणपती येण्यापूर्वी.