भाताशिवाय कोरियन मुळा

कर्बोदकं टाळायची म्हणून तोकबोक्की या तिखट कोरियन पदार्थात तांदळाच्या वड्यांऐवजी मुळा घालणारे बरेच आहेत. पण कोरियन स्वयंपाकात मुळ्याला कुणाची जागा घ्यायची गरजच नाही, असं माझं ठाम मत आहे. तिथला ‘मू’ आखूड, जाडजूड, देठाकडे हिरवट. थंडीत गोड होतो. 100 ग्रॅममध्ये कर्बोदकं 4 ग्रॅमच्या आसपास, शिजलेल्या भातात साधारण 28. मुळ्याचं सोगोगी-मुगुक हे सूप करून बघा: गोमांसाचे काप आणि मुळ्याच्या पातळ चकत्या तिळाच्या तेलात परतायच्या, पाणी घालून मुळा पारदर्शक होईस्तोवर मंद उकळायचं, शेवटी लसूण, सोया सॉस, कांद्याची पात. मांसाचा सगळा रस मुळा पिऊन घेतो! गाल्ची-जोरिममध्ये वाकटीसारख्या माशाखाली मुळ्याचे जाड तुकडे रचतात. माझा हात आधी त्या तळाकडेच जातो. काक्तुगीत, म्हणजे मुळ्याच्या फोडींच्या किमचीत, साखर आणि तांदळाच्या पिठाची खळ घालण्याची पद्धत आहे. दोन्ही वगळा, मुळ्यातली स्वतःची साखर आंबायला पुरते. गोचुजांग या मिरचीच्या आंबवलेल्या लगद्यात मात्र धान्य असतंच, तेव्हा तिखटासाठी नुसती गोचुगारू, म्हणजे लाल मिरचीची भरड, वापरलेली बरी.