गाण्याला नाव लावा, नाहीतर गाणारी हरवते

मंडळी, आज रस्ता, पाणी, लाईट यातलं काही नाही. आज गाण्यांबद्दल लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात गावातल्या एका पोराचा फोन आला. "दादा, ताईच्या हळदीत आमच्या आजीने धवले म्हटलेले, त्याचं रेकॉर्डिंग तुझ्याकडे असेल ना? माझ्या हळदीला लावायचंय." आजीला जाऊन तीन वर्षं झाली. मी छातीठोकपणे सांगितलं, "आहे रे, संध्याकाळी पाठवतो."

मला रेकॉर्डिंगचा नाद आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे. लग्न असो, भजन असो, गणपतीतला नाच असो, मी मोबाईल धरून उभा. संध्याकाळी हार्ड डिस्क लावली आणि घाम फुटला. "नवीन फोल्डर", "नवीन फोल्डर २", "जुना मोबाईल", "लग्न सगळी", "गणपती फायनल", "गणपती फायनल खरं". आत चार हजारांच्या वर फाईली आणि निम्म्यांची नावं "एयूडी-२०१९०५१२-डब्ल्यूए००३४" अशी. म्हणजे व्हॉट्सॲपने ठेवलेली. त्यातली तारीखही गाण्याची नसते, फाईल आपल्या फोनवर आली त्या दिवसाची असते.

तीन रात्री ऐकत बसलो. धवले सापडले, एक नाही, सतरा रेकॉर्डिंगं. पण आजी कुठल्या? शेवटी एका फाईलमध्ये गाणं थांबल्यावर मागून कोणीतरी ओरडलं, "आजी, चहा घ्या गो आधी", आणि त्या पोराची आई रडायलाच लागली. सासूबाईंचा आवाज तिने त्या पुढच्या "आणा" वरून ओळखला.

आता माझी चूक सांगतो. बाकीच्या सोळा फाईलींतली अशी बोलणी मीच कापून टाकलेली. सुरुवातीची गडबड, शेवटची हाक, "हे कोण म्हणतंय", "कुठल्या गावची ही", सगळं कचरा समजून उडवलं, रेकॉर्डिंग "क्लीन" पाहिजे म्हणून. त्या सोळांत कोण गातंय हे आज मला सांगता येत नाही.

आपल्या पनवेल-उरण पट्ट्यात धवलारीण म्हणजे नुसती गाणारी बाई नाही. लग्नाचा एकेक विधी तिच्या धवल्यावर पुढे सरकायचा. हे कुठल्या पुस्तकातून शिकलेलं नाही, आईकडून, सासूकडून आलेलं. आता हळद म्हणजे डीजे. त्याला माझा विरोध नाही, मीपण नाचतो. पण ज्या मोजक्या बायकांना धवले येतात त्यांचे आवाज आपल्या मोबाईलमध्ये पडून आहेत, आणि त्यावर नाव आहे डब्ल्यूए००३४.

कोणी म्हणेल, यूट्यूबवर आहे की सगळं. बघा जाऊन. "नॉनस्टॉप", "हळद स्पेशल", डीजेचं नाव, चॅनलचं नाव, एडिटिंग करणाऱ्याचं नाव. गाणारीचं नाव किती ठिकाणी दिसतं ते मोजा. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून गाणाऱ्याला आपलं नाव लावून घ्यायचा हक्क आहे. पण नाव कोणी लिहूनच ठेवलं नसेल तर हक्क मागणार कोण?

हे काम होऊ शकतं, झालेलंही आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, हजाराहून जास्त गावांतून. ओवीसोबत बाईचं नाव, गावाचं नाव. आज त्या ओव्या 'पारी'च्या वेबसाईटवर आहेत आणि खेड्यातल्या साध्या बायकांची नावं जगभर वाचता येतात. त्यांनी सुरुवात केली तेव्हा मोबाईल नव्हते.

आणखी मागे जा. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांची गाणी रेकॉर्ड झाली. तबकड्या बनायच्या जर्मनीत. तिथल्या माणसांना कोण गातंय हे कळावं म्हणून गाणं संपताच त्या स्वतःचं नाव मोठ्याने सांगायच्या. आज सव्वाशे वर्षांनंतरही ते नाव त्या आवाजातच ऐकू येतं. लेबल फाटेल, फाईलचं नाव बदलेल, पण गाण्याच्या आत बोललेलं नाव कापल्याशिवाय जात नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच:

१) रेकॉर्डिंग सुरू केलं की आधी बोला: आज तारीख अमुक, गाव शिरढोण, कार्यक्रम हळद, गाणार अमुक. दहा सेकंदांचं काम. हा भाग कधीच कापू नका. आणि बाईला आधी विचारा, तिची हरकत असेल तर मोबाईल खिशात.

२) त्याच रात्री फाईलला नाव द्या. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: "२०२५-०५-११ शिरढोण हळद धवला" आणि पुढे गाणारीचं नाव. वर्ष पुढे असलं की फाईली आपोआप ओळीने लागतात. नाव मराठीतच लिहा. इंग्रजीत एक "धवला" तीन स्पेलिंगने लिहिला जातो आणि मग शोधून सापडत नाही.

३) व्हॉट्सॲपवर पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. दिलेलं नाव तसंच राहतं.

४) दोन ठिकाणी ठेवा, आणि सोबत एक साधी वही. हार्ड डिस्क कधी बसेल सांगता येत नाही. वहीला बिघाड नसतो.

भजनी मंडळं, गणपती मंडळं, महिला मंडळं यांनी मनावर घेतलं तर एका वर्षात गावाची यादी तयार होईल. ग्रामपंचायतीने एक कपाट आणि एक डिस्क दिली तरी पुरे. आणि ज्यांच्या घरी म्हाताऱ्या आज्या आहेत त्यांनी जुन्या फाईली घेऊन त्यांच्यापाशी बसा. आवाज त्याच ओळखतील. त्या गेल्या की ओळखणाराही गेला.

आपलं गाव नावावरूनच ओळखलं जातं. वासुदेव बळवंत फडके इथे जन्मले, ४ नोव्हेंबर १८४५. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची तारीख आपल्या शाळेतल्या पोरांना पाठ आहे, कारण ती कोणीतरी लिहून ठेवली. आणि याच गावातल्या लग्नांत सहा वर्षांपूर्वी कोण गात होतं, हे मला माझ्याच डिस्कवरून सांगता येत नाही.

त्या सोळा फाईली मी येत्या रविवारी संध्याकाळी घरी लावणार आहे. आई, आजी, मावशी, ज्यांना आवाज ओळखता येतील त्यांना घेऊन या. चहा माझ्याकडे. वही आणून ठेवली आहे.