पाणथळींचा राखणदार कोण?

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपठारावर वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच पठारावरील कित्येक पाड्यांस चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. या विसंगतीची कारणे अनेक असून त्यांचा ऊहापोह वारंवार होत असतो. परंतु त्यांपैकी एका कारणाकडे जावे तितके लक्ष अद्याप गेलेले नाही. ते दूर करणे बहुतांशी आपल्याच हाती असल्यामुळे त्याविषयी आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. ते कारण म्हणजे डोंगरउतारावरील लहान लहान पाणथळींचा होत असलेला नाश.

पाणथळ म्हणजे वाया गेलेली जमीन, असा आपल्यातील पुष्कळांचा समज आहे. जेथे बैल रुततो, औत चालत नाही आणि नागली-वरईही धरत नाही, ती जागा निरुपयोगी असे आपण गृहीत धरून चालतो. वस्तुस्थिती निराळी आहे. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. या पाषाणाचे थर एकावर एक पसरलेले असून त्यांतील काही घट्ट, तर काही सच्छिद्र व भेगाळलेले असतात. पाणी भेगांतून व कुजलेल्या खडकातून सावकाश उतरते आणि खालचा घट्ट थर जेथे उतारावर उघडा पडतो, तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. वर पडलेले पाणी थांबलेच नाही, तर ते ओहोळावाटे पाहता पाहता पिंजाळ, सूर्या व वैतरणा यांच्या पात्रांत निघून जाते. माथ्यावरील पाणथळ त्यास अडवून धरते, गाळ खाली बसविते व पाणी बेताबेताने पुढे सोडते. काही पाणथळी झऱ्यांस पाणी पुरवितात, काही झऱ्यांच्याच पाण्यावर तगतात. परंतु दोहोंपैकी कोणतीही बुजविली तरी पाण्याची जुनी वाट मोडते, आणि तिचा परिणाम खालच्या विहिरीवर व खाचरावर झाल्यावाचून राहत नाही. कणगीत धान्य साठवावे तसे पाणथळ पावसाचे पाणी साठविते. अशी कणगी फोडणाऱ्यास आपण शहाणा म्हणणार नाही.

आता ही कणगी फुटते कशी ते पाहू. थंड हवेचे ठिकाण म्हणून जव्हारचा लौकिक आहे. मुंबई-नाशिककडील सधन मंडळींस हवापालटासाठी येथे घर असावे असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि घर पाण्याजवळ असावे असे वाटणे त्याहूनही स्वाभाविक. मग सखल जागी मुरमाचा भराव पडतो, रस्त्याखालची मोरी अरुंद होते आणि सांडपाण्याची खाच ओहोळाकडे वळते. दोष सर्वस्वी परक्यांचाच आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. खाचराचा एखादा तुकडा वाढावा म्हणून वा रस्त्यालगतच्या जमिनीस भाव यावा म्हणून भराव टाकणारे आपल्यातही आहेत.

यावर कायदा नाही काय? आहे. केंद्र सरकारने २०१० साली पाणथळींच्या संरक्षणाचे नियम केले व २०१७ साली त्यांच्या जागी नवे आणले. या नव्या नियमांनुसार राज्यांत पाणथळ प्राधिकरणे नेमावयाची असून, नियमांखाली आलेल्या पाणथळीत भराव, अतिक्रमण व कचरा टाकणे यांस मनाई आहे. गेल्या दहा वर्षांतील पुराच्या सरासरी उच्च रेषेपासून ५० मीटरांच्या आत पक्के बांधकाम करता येत नाही. परंतु याच नियमांतील पाणथळीच्या व्याख्येतून नदीचे पात्र, भातखाचरे, आणि पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळलेले आहेत. जव्हार शहर ज्या जयसागर जलाशयाचे पाणी पिते, तशा जलाशयांस या नियमांचा आधार मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली देशातील २,०१,५०३ पाणथळींस संरक्षण देण्याचा आदेश दिला खरा, पण ती गणना सव्वादोन हेक्टरांहून, म्हणजे सुमारे साडेपाच एकरांहून, मोठ्या जागांची. आपल्या डोंगरातील पाणथळ अनेकदा अर्ध्या एकराचीही नसते. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे २०१४ साली पुरे झालेले मध्य वैतरणेचे धरण मुंबईस पाणी देते, आणि त्याची राखण चोख होते. मोठ्या पाण्यास असा राखणदार आहे. पाड्याच्या पाण्यास नाही.

स्थानिक संस्थांकडे पाहावे तर तेथेही एक फट आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ साली झालेल्या पेसा कायद्याने लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविण्यास सांगितले आहे, आणि त्यासंबंधीचे नियम आपल्या राज्याने २०१४ साली केले. परंतु हा कायदा गावांपुरता आहे. जव्हारची नगरपरिषद १९१८ पासूनची, मोखाड्यासही आता नगरपंचायत आहे. त्यांच्या हद्दीत पेसा लागू नाही. ओहोळ मात्र हद्द ओळखत नाही. गावच्या माळावर उगम पावून तो शहराच्या वस्तीतून वाहतो व पुन्हा दुसऱ्या गावच्या खाचरात शिरतो. वरच्या बांधकामास परवानगी देणारा एक, आणि त्याचे फळ भोगणारा दुसराच, असा प्रकार होतो.

या बाबतीत परदेशातील एक उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९५७ सालच्या कायद्याने प्रत्येक नगरास संरक्षण समिती नेमण्याची मुभा मिळाली. तीन ते सात स्थानिक नागरिकांची ही समिती असते. पाणथळीत वा तिच्या काठापासून १०० फुटांच्या आत काही बांधावयाचे झाल्यास मालकाने समितीकडे आधी अर्ज करावयाचा, शेजारच्या जमीनमालकांस सूचना द्यावयाची, समितीने जाहीर सुनावणी घेऊन अटी ठरवावयाच्या, आणि त्या अटी जमिनीच्या दस्तऐवजांत नोंदवावयाच्या, असा तेथील क्रम आहे. चालू शेतीच्या नेहमीच्या कामांस त्यातून सूट आहे. सरसकट बंदी तेथे नाही. काम सुरू होण्यापूर्वी चारचौघांत विचार होतो, एवढेच.

आपल्याकडे याच धर्तीवर तीन गोष्टी व्हाव्यात असे आम्हांस वाटते. पहिली, प्रत्येक ग्रामसभेने व दोन्ही नगरसंस्थांनी आपापल्या हद्दीतील झरे, ओहोळ व पाणथळी यांची वही करावी. त्यात आकाराची अट नसावी. दुसरी, पाण्यालगतच्या बांधकामाचा अर्ज आला की परवानगीपूर्वी नगरसंस्था व लगतच्या ग्रामसभा यांच्या संयुक्त समितीने जागा पाहावी व उघड सुनावणी घ्यावी. या समितीत खालच्या अंगाचे खातेदार असावेत, आणि पाणी वाहणाऱ्या स्त्रियाही असाव्यात; कोणता झरा केव्हा आटतो हे त्यांच्याइतके कोणासच ठाऊक नसते. तिसरी, ठरलेल्या अटी सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात चढाव्यात. मालक बदलला तरी अट बदलू नये, हा त्यातील हेतू होय.

यावर कोणी म्हणेल की, शेतकऱ्यामागे आधीच तलाठी व तहसील यांचे हेलपाटे थोडे आहेत काय, म्हणून हा आणखी एक लावता? आक्षेप खोटा नाही. म्हणूनच चालू खाचरे, राब, आवण व बांधबंदिस्ती यांस पूर्ण सूट असावी आणि समितीस निकालाची मुदत बांधून द्यावी, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. ज्याची जमीन सर्वांच्या पाण्यासाठी मोकळी ठेवावयाची, त्याच्या नुकसानीची भरपाई सार्वजनिक पैशातून झाली पाहिजे. एकट्या गरिबावर तो भार टाकणे न्यायाचे नाही. ग्रामसभेवरही दडपण येते, हे आम्ही जाणतो. परंतु बंद खोलीत दिलेल्या परवानगीपेक्षा उघड सुनावणीत दडपण आणणे अवघड असते.

१ मे रोजी ग्रामसभा भरतात. उन्हाळा त्या वेळी ऐन भरात असतो, आणि कोणता झरा जिवंत आहे व कोणता मेला हे डोळ्यांना दिसत असते. त्या दिवशी वहीचे पहिले पान लिहावे. आणि त्या पानावर पहिले नाव आपल्या स्वतःच्या शेतातील पाणथळीचे असावे, अशी आमची वाचक बंधूंस विनंती आहे. आपण आपला भराव थांबविला नाही, तर शेजाऱ्याचा थांबविण्यास सांगण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.