एक जूनची माणसं

हल्ली पन्नाशीच्या गृहस्थाचाही वाढदिवस 'थीम' ठरवून करतात, तोंडाला केक फासतात. याला म्हणे कल्पकता! अहो, खरी कल्पकता आमच्या शाळामास्तरांची. पोराची जन्मतारीख घरी ठाऊक नसली, की बेधडक १ जून लिहून मोकळे! बँकेत फॉर्म तपासताना वाटतं, अर्धा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मला. त्यातले सरकारी नोकर नियमाप्रमाणे ३१ मेला निवृत्त होतात. म्हणजे या तारखेची आठवण ठेवते ती पेन्शनची फाइल. घरचे? "खरी तारीख थोडीच आहे ती!" म्हणून वर्षानुवर्षं टाळतात. हा कुठला न्याय? तारीख खोटी, पण माणूस तर खरा ना! फुगे राहू द्यात. एक जूनला आजींना पाटावर बसवा, औक्षण करा, त्या पावसाळ्यात जन्मल्या की दुष्काळात, ते विचारा. केकही कापा हवा तर. फक्त तोंडाला फासू नका, कवळी महाग असते.