पाठमोरी मुलं आणि ओली माती

दिवाळी आठवड्यावर आली की निरीक्षणगृहांच्या दारात पाहुण्यांची वर्दळ वाढते. महिला मंडळं येतात, महाविद्यालयांचे राष्ट्रीय सेवा योजनेचे गट येतात, कंपन्यांच्या गाड्या येतात. सोबत कोऱ्या पणत्यांची खोकी, रंगाच्या बाटल्या, फराळाची पाकिटं. दोन तासांत पणत्या रंगतात, फोटो निघतो, गाड्या परततात. फोटोत पाहुणे हसत असतात आणि मुलं पाठमोरी असतात. तसा कायदाच आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. छापलंच, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यंदाच्या अंकाचा विषय ‘माती’ ठरल्यावर शेत, वीटभट्टी, कुंभारवाडा, आखाडा हे ओघानं आलंच. संपादकीयासाठी मात्र या पाठमोऱ्या मुलांच्या हातातली माती निवडली आहे, कारण तिच्याविषयी दिवाळीखेरीज कोणी बोलत नाही.

निरीक्षणगृहांना लोक अजूनही ‘रिमांड होम’च म्हणतात. कायद्यात निरीक्षणगृह वेगळं, विशेष गृह वेगळं. चौकशी चालू असलेला मुलगा पहिल्यात राहतो. बाल न्याय मंडळाला दोष आढळला आणि त्यानं तसा आदेश दिला, तर दुसऱ्यात, तेही फार तर तीन वर्षं. वास्तू मात्र जुन्या काळाच्या आहेत. मुंबईत उमरखाडीला जिथे आज मुलांचं निरीक्षणगृह आहे, तो एके काळचा डोंगरीचा तुरुंग. 1882 मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर इथेच होते. आगरकरांनी त्या 101 दिवसांवर पुस्तक लिहिलं, म्हणून ते दिवस मराठी वाचकाला ठाऊक आहेत. त्यानंतर त्या भिंतींआड राहिलेल्या मुलांनी काय केलं, काय घडवलं, याचं पुस्तक नाही.

मुलांच्या हाताला काम द्यावं, हा विचार नवा नाही. डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा मुंबईत 1857 साली निघाली, तिच्या नावातच ‘इंडस्ट्रियल’ होतं. येरवड्याच्या संस्थेच्या नावात आजही ‘उद्योग केंद्र’ आहे. सुतारकाम, शिवणकाम, बागकाम: हाताला धंदा लागला की पोरगं सुधारेल, हा दीडशे वर्षांचा हिशेब. तो अगदीच चुकीचा आहे असं नाही. पण त्या हिशेबात मातीही आली की पणत्याच होतात, डझनावारी, एका साच्याच्या, विक्रीला. मातीकडून त्याहून मोठं काम घेता येतं. त्यासाठी अट एकच, आणि नेमकी तीच पाळली जात नाही: शिकवणारा माणूस दर आठवड्याला परत आला पाहिजे.

ही अट पाळणारं एक उदाहरण न्यूयॉर्कजवळचं आहे. चित्रकार आणि कला-उपचारतज्ज्ञ एडिथ क्रेमर मूळच्या व्हिएन्नाच्या. त्यांच्या गुरू फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांनी पुढे नाझींच्या तेरेझिन छावणीत कोंडलेल्या मुलांना चित्रकला शिकवली. 1944 मध्ये आउश्वित्झला त्यांची हत्या झाली. क्रेमर 1938 मध्ये अमेरिकेत निसटल्या. युद्धकाळात यंत्रशाळेत काम केलं आणि 1950 मध्ये हडसन नदीकाठच्या विल्टविक शाळेत रुजू झाल्या. शहरातल्या बालन्यायालयांकडून आलेले, मारामाऱ्या-चोऱ्या केलेले लहान मुलगे तिथे असत. क्रेमर एखाद्या सुट्टीपुरत्या गेल्या नव्हत्या; जवळपास सात वर्षं त्या तिथे शिकवत होत्या.

1958 मध्ये त्यांचं विल्टविकवरचं पुस्तक आलं. पुढे 1971 च्या पुस्तकात त्यांनी मूल रंग-माती कशी हाताळतं, याचे पाच प्रकार मांडले. नुसतं चाचपणं. मग धिंगाणा: फेकणं, बदडणं, चिरडणं. मग घोटून घोटून त्याच त्या आकृत्या, ज्यांच्या आड लपता येतं. मग फक्त काहीतरी सांगण्यापुरती खूण. आणि पाचवा, जो रोज हाती लागत नाही: स्वतःच्या मनातलं स्वतःच्या आकारात उभं करणं. मातीचा वर्ग घेणाऱ्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल. पहिल्या दिवशी अर्धा गोळा भिंतीवर जातो. नंतर साप, बदाम, पिस्तूल. दोन तासांच्या कार्यशाळेत गाडी पिस्तुलाच्या पुढे जाणार कशी? शिक्षकाच्या मदतीला क्रेमर ‘तिसरा हात’ म्हणत. घोड्याचा पाय कोसळत असेल तर आधार द्यायचा, घोडा मात्र मुलाचाच राहू द्यायचा. (आपल्याकडचे हौशी पाहुणे घोडाच करून देतात.)

माती स्वतःही घाई चालू देत नाही. ती मळावी लागते. वळलेली वस्तू सावलीत, फडक्याखाली हळूहळू सुकवावी लागते. जाड वस्तू भट्टीत फुटली की हवेच्या बुडबुड्याला दोष देण्याची पद्धत आहे. खरा गुन्हेगार बहुतेकदा आत उरलेला ओलावा असतो, शंभर अंशांपुढे त्याची वाफ होते. 573 अंशांवर मातीतल्या गारेचे कण एकदम फुगतात, तिथे ताव सांभाळावा लागतो. भाजलेली वस्तू पुन्हा भिजवून गोळा करता येत नाही. कच्ची कितीही वेळा मोडता येते. पहिल्या फटक्यात वस्तू बिघडली की उधळणाऱ्या मुलाला हे मोडून पुन्हा करणं हाताशी मिळतं, तेही कोणी उपदेश न करता.

अडचणी खऱ्या आहेत. माती कापायची तार आणि टोकदार कोरणी आत नेता येत नाहीत, नेल्या तर मोजून परत घ्याव्या लागतात. भट्टी तर बहुधा नसतेच. सर्वांत मोठी अडचण मुलांच्या ये-जा करण्याची. कायद्यानं चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, जामीन त्याआधीही होतो. म्हणजे वाटी सुकून भाजून येईपर्यंत ती करणारा घरी गेलेला असतो. शिक्षक टिकणारा असेल तर ती वाटी परिविक्षा अधिकाऱ्यामार्फत त्याच्याकडे पोचते. नसेल तर कचऱ्यात.

‘यांना माती कसली शिकवता?’ असा प्रश्न मे 2024 मधल्या पुण्याच्या मोटार-अपघातानंतर आणि त्यातल्या अल्पवयीन चालकाला जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेल्या 300 शब्दांच्या निबंधानंतर अनेकांच्या मनात आहे. ज्यांचं माणूस गेलं त्यांचा राग रास्तच आहे. पण मातीचा वर्ग म्हणजे शिक्षेत सूट नव्हे, आणि त्यानं गुन्हे थांबतात असा दावाही करू नये. फ्लोरिडातल्या तुरुंगांत कला-उपचाराचे संशोधक डेव्हिड गसाक यांनी प्रौढ बंद्यांवर केलेल्या अभ्यासांत कलावर्गानंतर नैराश्य कमी झालेलं दिसलं, तेवढंच म्हणावं. उरलेला मुद्दा साध्या वेळापत्रकाचा आहे. निरीक्षणगृहांतली बहुतेक मुलं काही महिन्यांत आपापल्या गल्लीत परतणार असतात, आणि तोवरची दुपार कशी तरी जाणारच असते.

आत घडवलेलं बाहेर लोकांपुढे मांडण्याचीही वाट आहे. ब्रिटनमध्ये लेखक आर्थर कोस्लर यांनी 1962 मध्ये बंदिवानांच्या कलेसाठी पारितोषिकं सुरू केली. ते स्वतः स्पेनच्या यादवीत फाशीच्या छायेत कोठडीत राहिलेले. तरुण बंदीही त्यात भाग घेतात, मातीकामाला वेगळा गट आहे, आणि लंडनच्या साउथबँक सेंटरमध्ये दरवर्षी प्रदर्शन भरतं. कलम 74 आपल्याकडे असं प्रदर्शन अडवत नाही. फक्त नाव न लावता ते करावं लागेल.

ज्या महिला मंडळांना, गटांना यंदाही निरीक्षणगृहात जायचं आहे त्यांनी जरूर जावं. जाण्याआधी अधीक्षकांना दोन गोष्टी विचाराव्यात: जानेवारीपासून आठवड्यातला कोणता वार मोकळा मिळेल, आणि सुकत ठेवलेल्या वस्तूंसाठी कुलपाचं एक कपाट देता येईल का.