परवाना बदलला, तर आधी करार वाचा

मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्या आणि त्यात स्वतःच्या कोडची भर घालणाऱ्या सर्वांना हे आवाहन आहे. परवाना बदलल्याची बातमी आली की कोणी ‘आता सगळे संपले’ म्हणतो, कोणी ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणून पुढे जातो. दोघेही परवाना वाचत नाहीत. १० ऑगस्ट २०२३ रोजी हाशिकॉर्प या कंपनीने टेराफॉर्म या सर्व्हर-उभारणीच्या साधनाचा मोझिला परवाना काढून बिझनेस सोर्स लायसन्स लावले. कोड आजही सर्वांना दिसतो, स्वतःच्या कामाला वापरताही येतो. फक्त कंपनीशी स्पर्धा करणारी सेवा त्यावर उभारता येत नाही. मात्र १.५ पर्यंतच्या आवृत्त्या मोझिला परवान्याखाली दिल्या गेल्या होत्या आणि एकदा दिलेले परत घेता येत नाही. त्या जुन्या कोडवरूनच ओपनटोफू हा स्वतंत्र प्रकल्प उभा राहिला.

मग बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या कोडचाही परवाना कंपनीला बदलता आला कसा? भर घालताना त्यांनी मान्य केलेल्या योगदान करारात तशी मुभा होती. लिनक्स कर्नलमध्ये असा करार नाही; कॉपीराइट हजारो जणांत विखुरलेला आहे. २००७ मध्ये त्याच्या जीपीएल या परवान्याची तिसरी आवृत्ती आली, तरी कर्नल दुसरीवरच राहिला. कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना ती नकोच होती. पण हवी असती, तरी एकट्याने बदल करणे त्यांनाही जमले नसते.

बड्या क्लाउड कंपन्या आयता माल उचलून विकतात, मग मूळ कंपनीने जगायचे कसे, असे विचारले जाते. तक्रार खरी आहे. पण बदललेला कोड सेवा म्हणून चालवणाऱ्याने तो वापरकर्त्यांना द्यावा, अशी अट घालणारा एजीपीएल परवाना २००७ पासून आहे. रेडिस या डेटाबेसने २०२४ मध्ये मुक्त परवाना सोडला आणि पुढच्याच वर्षी एजीपीएलचा पर्याय दिला. इलास्टिकसर्च या शोध-इंजिनाने मुक्त परवाना २०२१ मध्ये सोडला; त्याला एजीपीएलपर्यंत यायला २०२४ उजाडले. दरम्यान दोन्ही प्रकल्पांच्या जुन्या कोडवरून स्वतंत्र फांद्या (फोर्क) फुटल्या त्या फुटल्याच.

करार वकिली भाषेत असतो, हेही खरे. तरी तुमचा कोड दुसऱ्या परवान्याखाली देण्याचा हक्क कोणाला मिळतो, एवढे कलम शोधाच. पटत नसेल तर सही करू नका. कर्नलमध्ये चालते तसे ‘डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’ (हा कोड देण्याचा आपल्याला हक्क आहे, असे निवेदन) पुरेसे का नाही, असे प्रकल्पाला विचारा. आणि संस्थांनी आपण वापरत असलेल्या प्रत्येक आवृत्तीचा क्रमांक व परवाना आजच नोंदवून ठेवावा.